रिग कमी झाल्या, तरी तेलाचा भाव का पडतो?

सांगलीहून एकांनी विचारलंय: “दर शुक्रवारी रात्री अमेरिकेचा रिग काउंट, म्हणजे तेल-गॅससाठी खोदणाऱ्या चालू रिगचा आकडा येतो. रिग कमी झाल्या म्हणजे तेल कमी निघणार आणि भाव वाढणार, या हिशेबाने मी दोनदा एमसीएक्स या वायदे बाजारात क्रूड मिनी, म्हणजे कच्च्या तेलाचा छोटा सौदा घेतला. दोन्ही वेळा भाव पडला. हा आकडा बघायचा की सोडून द्यायचा? आणि आपल्या मुंबई हायवरच्या रिगचा यात काही संबंध असतो का?”

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी एकतीस वर्षं ड्रिलिंगमध्ये काढली. सुरुवात मेहसाणा आणि अंकलेश्वरच्या जमिनीवरच्या रिगवर, मग बराच काळ मुंबईच्या समुद्रात जॅकअपवर, म्हणजे समुद्राच्या तळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगवर, आणि शेवटची काही वर्षं आखातात. आता पनवेलला असतो. मी ट्रेडिंग करत नाही, त्यामुळे कुठे घ्या आणि कुठे विका हे मी सांगणार नाही. पण रिग म्हणजे काय, ती कधी उभी राहते आणि कधी सोडून देतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय. तुमचा घोळ नेमका तिथेच झालाय असं मला वाटतं.

तुम्ही रिगला नळ समजताय. नळ कमी झाले की पाणी कमी, असा तुमचा हिशेब आहे. पण रिग तेल काढतच नाही. ती जमिनीत भोक पाडते, पाइप उतरवून सिमेंट करते आणि पुढच्या भोकाकडे जाते. तेल निघतं ते मागे राहिलेल्या विहिरीतून, तेही रिग गेल्यावर, पुष्कळदा कित्येक महिन्यांनी.

आपल्याकडे मार्च-एप्रिल आला की गावोगाव तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. तिरुचेंगोडे हे तर त्यांचं माहेरच. गाड्या वाढल्या म्हणून तालुक्यात पाणी वाढलं असं कोणी म्हणत नाही. लोकांना पाण्याची धास्ती लागली आहे आणि बोअर मारण्याइतका पैसा हातात आहे, एवढंच त्यावरून कळतं. जुन्या बोअरवरच्या मोटरी तर चालूच असतात. रिग काउंट म्हणजे या गाड्यांची मोजणी आहे, पाण्याची नव्हे.

मोजतात कसं ते आधी पाहू. अमेरिकेतली ही गणती ह्यूज टूल कंपनीने 1944 मध्ये सुरू केली. तीच कंपनी पुढे बेकर ह्यूज झाली. दर शुक्रवारी तिथल्या दुपारी आकडा येतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. नियम सरळ आहे. विहीर स्पड झाली, म्हणजे बिट जमिनीत पहिल्यांदा शिरला, तिथपासून ठरलेली खोली गाठेपर्यंत ती रिग चालू धरायची. एका जागेवरून दुसरीकडे निघालेली रिग यात नाही. जुन्या विहिरीची दुरुस्ती करणारी वर्कओव्हर रिग नाही. विहीर खोदून झाल्यावर ती तेलासाठी तयार करण्याचं काम, ज्याला आम्ही कंप्लीशन म्हणतो, तेही नाही. शेलच्या, म्हणजे घट्ट खडकातल्या विहिरीत तर खरं तेल फ्रॅकिंगनंतरच, म्हणजे दाबाने खडक फोडल्यावरच येतं, आणि फ्रॅक करणाऱ्या टोळ्या वेगळ्या असतात. त्यांची मोजणी या आकड्यात नसते.

बरं, चालू धरलेली रिग पुढे सरकतेय की नाही, हेही त्यातून कळत नाही. याबद्दल माझ्यावर गेलेला एक प्रसंग सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईच्या समुद्रात एका जॅकअपवर सव्वाबारा इंची भोक चालू होतं. खाली चुनखडी होती आणि मड, म्हणजे भोकातून फिरवत ठेवायचा पातळ चिखल, कुठे तरी फटीत जात होता. वर टाकीत पातळी उतरताना स्पष्ट दिसत होती. पहाटे तीनच्या सुमारास नवा पाइप जोडायला थांबलो आणि तेवढ्यात स्ट्रिंग, म्हणजे भोकात उतरवलेली पाइपची अख्खी माळ अडकली. वर येईना, खाली जाईना, फिरेना. ड्रिलरचा हात ब्रेकवर आणि नजर वजन दाखवणाऱ्या वेट इंडिकेटरच्या काट्यावर. ओढ वाढवत नेली की खालचा जार, म्हणजे अडकलेल्या पाइपला झटका देणारं हत्यार, सुटायचा आणि अख्खा डेरिक, म्हणजे रिगचा मनोरा, हादरायचा. गॅलीतल्या टेबलावरचे चहाचे कप त्या धक्क्याने सरकत टेबलाच्या कडेला यायचे. दोन दिवस असं चाललं. शेवटी अडकलेल्या भागाच्या जरा वर स्फोटकाने सांधा सोडवला, वरचा पाइप काढून घेतला आणि उरलेल्यासाठी मासेमारी सुरू केली. आमच्याकडे खरंच तिला फिशिंग म्हणतात. तेही जमलं नाही. मग सिमेंटचा प्लग टाकून बाजूने नवीन भोक काढलं.

एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत विहीर एक फूटही पुढे गेली नाही, उलट मागे आली. पण रोजच्या सकाळच्या रिपोर्टवर रिग चालूच होती, आणि त्या महिन्याच्या कोणत्याही गणतीत ती चालूच धरली गेली असणार. ज्या आकड्यावर तुम्ही रात्री पैसे लावता, त्यातल्या प्रत्येक एककाच्या मागे अशी एक रात्र असू शकते. म्हणून दोन-चार रिग इकडच्या तिकडे झाल्या की मी त्यातून काहीच निष्कर्ष काढत नाही, आणि तुम्हीही काढू नये असं मनापासून वाटतं.

आता मुद्दा भावाचा. तुमच्या हिशेबात आधी रिग कमी होतात आणि मग भाव वाढतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी भाव पडतो आणि त्यामुळे रिग कमी होतात. म्हणजे शुक्रवारी तुम्ही जी घट पाहता, तिचं कारण तीन-चार महिन्यांपूर्वीच घडून गेलेलं असतं आणि बाजाराने ते तेव्हाच पचवलेलं असतं.

2014 ते 2016 हा काळ यासाठी सगळ्यात स्वच्छ दाखला आहे. जून 2014 मध्ये अमेरिकन क्रूड बॅरलला 105 डॉलरच्या वर होतं. तिथून घसरण सुरू झाली. पण तेलाच्या रिग वाढतच राहिल्या आणि 10 ऑक्टोबर 2014 ला 1609 वर गेल्या. भाव चार महिने उतरतोय आणि रिग वाढताहेत! कारण रिगचे करार झालेले असतात, जमिनीचे परवाने घेतलेले असतात, वर्षाचं बजेट मंजूर असतं. असं काम एका फोनवर थांबत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने उत्पादन कमी करायला नकार दिला आणि मग मात्र रिग धडाधड बसायला लागल्या. तरीही अमेरिकेचं तेल वाढतच होतं. एप्रिल 2015 मध्ये ते दिवसाला सुमारे 96 लाख बॅरलवर पोचलं आणि मग उतरू लागलं. म्हणजे भाव वळला जूनमध्ये, रिग वळल्या ऑक्टोबरमध्ये आणि तेल वळलं पुढच्या एप्रिलमध्ये. परत येतानाही तोच क्रम. फेब्रुवारी 2016 मध्ये भाव 26 डॉलरला तळाला टेकला, रिग मे महिन्याच्या शेवटी 316 वर तळाला आल्या आणि उत्पादन त्याच्याही नंतर सावरलं.

कांद्याचं आपण दरवर्षी बघतो. भाव चढला की सगळे लावतात, आणि माल मार्केट यार्डात येईपर्यंत भाव उतरलेला असतो. कांद्याला चार महिने लागतात, तेलाला दहा.

याच काळात ज्यांनी “रिग कमी, म्हणजे भाव वर” म्हणून 2014 च्या डिसेंबरात खरेदी केली असेल, त्यांना पुढचं सव्वा वर्ष भाव पडताना बघावा लागला.

2020 चं उदाहरण तर आपल्याकडच्या लोकांना जास्त लागलंय. मार्चच्या मध्यावर अमेरिकेत तेलाच्या 683 रिग चालू होत्या. ऑगस्टपर्यंत त्या 172 वर आल्या. इतक्या कमी वेळात इतकी घट मी माझ्या हयातीत पाहिली नव्हती. तुमच्या हिशेबाने भाव आकाशाला भिडायला हवा होता. झालं काय, तर 20 एप्रिलला मे महिन्याचा अमेरिकन सौदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. जगभर गाड्या आणि विमानं उभी होती, तेल ठेवायला टाक्या नव्हत्या. रिग त्या मागणीच्या मागे मागे बसत होत्या. आपल्याकडे टाळेबंदीमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी पाचला बंद होत होतं. म्हणजे अमेरिकेत भाव कोसळत असताना इथल्या माणसाला बाहेरच पडता आलं नाही, आणि सौदे उणे 2884 रुपयांनी मिटवले गेले. मोठ्या लॉटमध्ये शंभर बॅरल असतात. ज्याने खरेदी केली होती त्याचा सगळा पैसा तर गेलाच, वर शून्याच्या खालचे लॉटमागे 2 लाख 88 हजार भरावे लागले. माझ्या ओळखीतला एक तरुण त्यात होता. त्याच्या आईने मला फोन करून विचारलं होतं, “तेलाचा भाव शून्याच्या खाली कसा जातो?” तिला समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. म्हणून हे सगळं एवढं सविस्तर लिहितोय.

तुमच्या हिशेबातली दुसरी अडचण अशी की सगळ्या रिग सारख्या नसतात आणि आजची रिग दहा वर्षांपूर्वीची रिग नाही.

मी मेहसाण्याला होतो तेव्हा एक विहीर झाली की रिग मोडायची, डेरिक आडवा करायचा, सगळं सामान ट्रेलरवर चढवायचं, शेताच्या कडेने रस्ता काढायचा आणि पुढच्या जागेवर परत जोडायचं. दिवसच्या दिवस जायचे. समुद्रात जॅकअपचे पाय उचलायचे, टगने ओढत न्यायचं, नव्या जागी पाय समुद्राच्या तळात रुतवायचे आणि टाक्यांत समुद्राचं पाणी भरून वजन देऊन बघायचं की पाय आणखी खचतात का. हवा बिघडली की नुसतं थांबून राहायचं. मात्र प्लॅटफॉर्मच्या कडेला एकदा उभं राहिलो की कॅन्टिलिव्हर, म्हणजे डेरिकखालचा पुढे सरकणारा सांगाडा, सरकवून एका विहिरीच्या जागेवरून दुसरीवर जाता यायचं, आणि वेळ खूप वाचायचा. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या पर्मियन खोऱ्यात आता जमिनीवर तेच करतात. एकाच पॅडवर ओळीने विहिरी, आणि डेरिक उभा ठेवूनच रिग आपल्या पायांवर चालत पुढच्या विहिरीवर जाते. पूर्वी जिथे एका विहिरीला महिना लागायचा, तिथे दहा-बारा दिवसांत काम होतं. शिवाय खाली आडवं जाणारं भोक मैलाचं होतं ते दोन मैलांचं झालं, कुठे तीन मैलांचंही.

परिणाम बघा. 2014 मध्ये तेलाच्या 1600 रिग लावून अमेरिका दिवसाला सरासरी 88 लाख बॅरल काढत होती. 2024 मध्ये 500 पेक्षा कमी रिग होत्या आणि तेल 132 लाख बॅरल. 2025 मध्ये रिग आणखी उतरून 410 च्या आसपास आल्या आणि उत्पादन 136 लाखांच्या वर, नव्या उच्चांकावर. रिग काउंट आणि तेल यांच्यातलं जुनं गणित मोडलंय ते असं.

गॅसमध्ये तर ते कधीच मोडलं होतं. तुम्ही क्रूडबद्दल विचारलंय, पण एमसीएक्सवर नॅचरल गॅस खेळणारे तुमच्यासारखे खूप जण आहेत, म्हणून लिहून ठेवतो. 2008 मध्ये अमेरिकेत गॅसच्या 1600 रिग होत्या, 2024 मध्ये शंभरही नव्हत्या. गॅसचं उत्पादन या काळात जवळपास दुप्पट झालं. यातला एक मोठा वाटा तेलाच्या विहिरीतून आपोआप येणाऱ्या गॅसचा. पर्मियनमध्ये रिग तेलासाठी लावतात, त्यामुळे ती तेलाच्या रकान्यात मोजली जाते, पण तिच्या विहिरीतून गॅसही येतो. तो नेण्यासाठी पाइपलाइन अपुरी पडली, तेव्हा 2024 मध्ये तिथल्या वाहा या गॅसच्या व्यापाराच्या केंद्रावर गॅसचा भाव कित्येक दिवस शून्याच्या खाली होता. गॅसच्या रिग कमी झाल्या म्हणून गॅस खरेदी करणाऱ्याने हे एकदा नीट समजून घ्यावं.

मग आकडा सोडून द्यायचा का? तसं मी म्हणणार नाही. मी स्वतः अजून दर आठवड्याला बघतो. तुम्ही तो कशासाठी बघताय यावर सगळं अवलंबून आहे.

एका रात्रीच्या सौद्यासाठी बघत असाल, तर माझ्या मते सोडाच. त्या रात्रीच्या भावावर बुधवारचा अमेरिकेच्या तेलसाठ्याचा आकडा, ओपेक प्लसची एखादी बैठक, कुठे तरी उडालेला ड्रोन आणि डॉलर-रुपया यांचा परिणाम रिगपेक्षा कितीतरी जास्त असतो. रुपयाचं विसरू नका. एमसीएक्सचा क्रूडचा सौदा अमेरिकन भावाला रुपयाच्या दराने गुणून मिटतो. तिकडे भाव स्थिर राहिला आणि रुपया वधारला, तरी तुमचा सौदा तोट्यात जातो.

सहा महिने ते वर्षभराचा अंदाज बांधायचा असेल, तर मात्र हा आकडा उपयोगी आहे, फक्त वाचायची पद्धत बदला. एका आठवड्याचा आकडा बघूच नका. तीन महिन्यांत कल कुठे आहे ते बघा आणि त्याच्या शेजारी चार महिन्यांपूर्वीचा तेलाचा भाव मांडा. दोन्हींचा मेळ बसत असेल, तर रिग काउंट तुम्हाला नवीन काही सांगत नाही. मेळ बसत नसेल, तर थांबून विचार करण्यासारखं आहे. भाव चार महिने चांगला होता आणि तरी रिग वाढत नाहीत, याचा अर्थ कंपन्या पैसा विहिरीत न घालता भागधारकांना परत देताहेत, किंवा चांगल्या जागा संपत आल्यात, किंवा खर्च वाढलाय. यातलं नेमकं काय, हे त्यांच्या तिमाही निकालांत कळतं. मग एकूण आकडा सोडून पर्मियनचा वेगळा आकडा बघा, कारण तिथल्या दहा रिग आणि दुसरीकडच्या दहा रिग यांत फार फरक आहे. आणि जमलं तर फ्रॅक टोळ्यांचा आकडाही शेजारी ठेवा. रिग बसलेल्या असतानाही आधी खोदून ठेवलेल्या विहिरी फ्रॅक करून तेल वाढवता येतं. 2020 नंतरची दोन वर्षं कंपन्यांनी तेच केलं.

एक गोष्ट मात्र मी गंभीरपणे घेतो. शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून बरीच जास्त उतरते. त्यामुळे उत्पादन आहे तिथे ठेवायलाही सतत नव्या विहिरी लागतात. रिग वर्षभर सलग उतरत राहिल्या आणि खोदून ठेवलेल्या विहिरीही संपत आल्या, तर कधीतरी तेल कमी होणारच. तो दिवस नेमका कुठल्या आकड्याला येईल हे यंत्र किती सुधारतंय यावर ठरतं, आणि ते शुक्रवारच्या तक्त्यात दिसत नाही.

अमेरिका आणि कॅनडाबाहेरची गणती महिन्यातून एकदा येते, आणि तिथे कारणं आणखी वेगळी असतात. जानेवारी 2024 मध्ये सौदी सरकारने आपली क्षमता दिवसाला 130 लाख बॅरलपर्यंत न्यायचा बेत सोडला आणि 120 लाखांवरच थांबायचं ठरवलं. त्यानंतर तिथल्या दोन डझनांच्या आसपास जॅकअप थांबवल्या गेल्या. त्या महिन्यांचा भाव बघून हा निर्णय कोणाला ओळखता आला नसता.

शेवटी मुंबई हाय. भारताच्या रिग या मासिक गणतीत येतात, पण त्यांनी जागतिक भाव हलत नाही. आपण गरजेचं 88 टक्क्यांच्या आसपास कच्चं तेल बाहेरून आणतो आणि आपला भाव ब्रेंट (उत्तर समुद्रातलं तेल) आणि ओमान-दुबईच्या भावांवर ठरतो. तुमच्या क्रूड मिनीसाठी मुंबई हायचा आकडा बघायची काहीच गरज नाही.

पण तिथे काय चाललंय ते तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधून काढलं आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात दिवसाला चार लाख बॅरलच्या वर गेलेलं ते क्षेत्र आता म्हातारं झालंय. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्याचं काम दिलं. विहिरींमध्ये पाणी वाढलंय, दाब कमी झालाय, जुन्या पाइपना गंज लागलाय. तिथली रिग बऱ्याचदा नवीन भोक पाडतच नसते. जुन्या विहिरीतली ट्यूबिंग, म्हणजे तेल वर आणणारा आतला पाइप बदल, पाण्याचा थर सिमेंटने बंद कर, वरच्या थरात नवी छिद्रं पाड, असं तिचं काम चालतं. मुंबईच्या समुद्रातली माझी शेवटची दोन वर्षं अशाच एका रिगवर गेली. रोज रात्री दिवे पेटलेले, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, शंभरावर माणसं कामावर. बंद पडलेली एक विहीर परत वाहायला लागली की सगळ्या रिगवर आनंद व्हायचा. शुक्रवारच्या गणतीचा नियम लावला, तर त्या दोन वर्षांत आमची रिग बहुतेक दिवस मोजलीच गेली नसती.